खालच्या आळीचा भाडेकरू

सर्व संबंधितांना, असंबंधितांना, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नसूनही जे पहिल्या रांगेतल्या खुर्च्या अडवून बसतात त्या सर्व मान्यवरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गावदेवीच्या मैदानावर काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चुना पडला आहे. ज्यांच्या घरी लग्न निघालं असेल त्यांनी मुलीकडच्यांना विनंती करून तारीख बदलून घ्यावी. ज्यांच्या घरी कोणी आजारी असेल त्याने रविवारपर्यंत बरं व्हावं. आमच्या गावचे क्रिकेटचे सामने सुरू होत आहेत. पुढचे पाच रविवार देशात दुसरी कोणतीही घटना घडणार नाही, घडल्यास तिची दखल घेतली जाणार नाही.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारचं गाव विचारेल, आमचं का नाही? एवढं पुरे की सीवूड्सच्या मॉलकडे पाठ करून खाडीच्या दिशेने चालत सुटलात की जिथे दुचाकीवाला तुम्हाला हॉर्न न देता नुसतं ‘ओ शेठ’ म्हणून बाजूला करतो, तिथून आमचं गाव सुरू होतं.

चुन्याला वास असतो. थंडीतल्या सकाळी, दवाने ओल्या मातीवर चुना पडला की भिंत नुकतीच रंगवलेल्या घरासारखा वास येतो. त्यात खाडीच्या चिखलाचा वास मिसळतो, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत टाकलेल्या बोंबलांचा मिसळतो, आणि वारा फिरला तर पार तळोज्याच्या कारखान्यांचाही एक आंबूस झोत येऊन हजेरी लावून जातो. मग खांबांवर चार भोंगे चढतात. भोंगा आधी किंचाळतो, मग खाकरतो, आणि मग त्यातून माझा आवाज येतो : ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.’ चारपर्यंत मी कधीच जात नाही. तीनलाच गाव जागं होतं.

होय, आवाज माझा. गेली एकवीस वर्षं या मैदानावर माईक मी धरतो. पोटासाठी स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे कागद जसेच्या तसे काढून द्यायचे, त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही, अशा धंद्यात असलेल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस थोडं वाढवून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. दोन धावा पळणाऱ्याला मी तीन पळवलेलं आहे. नाकावर चेंडू बसलेल्याला मी ‘छातीचा कोट’ केलेलं आहे. आणि झेल सोडणाऱ्याला तर मी असं सोललेलं आहे की एक जण पुढचे दोन आठवडे दुकानावरून जाताना छत्री उघडून जायचा. ऊन-पाऊस काही नसताना.

याच दिवसांत खाडीत फ्लेमिंगो येतात. टॉवरमधली माणसं हातभर लांब लेन्सा घेऊन पहाटे काठावर उभी राहतात आणि कुजबुजतात, ‘आपले पाहुणे आले.’ त्या पक्ष्यांना कोणी विचारत नाही की कुठून आलात, किती दिवस राहणार, पोलिस व्हेरिफिकेशन झालंय का, आणि रंग असा का. हे माझ्या डोक्यात दर हिवाळ्याला येतं, पण त्या हिवाळ्यापासून यायला लागलं. मोझेसच्या हिवाळ्यापासून.

आता आमच्या स्पर्धेचा एक नियम सांगितलाच पाहिजे. स्पर्धा गावमर्यादित आहे. बाहेरचा खेळाडू चालत नाही. पण शेती गेली, मिठागरं गेली, त्या जागी तीन-तीन मजले उभे राहिले, आणि आमची स्वतःची तरुण पोरं कुणी पनवेलला, कुणी दुबईला, कुणी जहाजावर. अकरा माणसं जमेनात. तेव्हा जाणत्यांनी बसून ठरवलं : प्रत्येक आळीला एक भाडेकरू खेळवता येईल. एकच. आणि तो अस्सल भाडेकरू आहे हे सिद्ध करायला मैदानावर भाडेकरार दाखवायचा. इतर ठिकाणी खेळाडूचा पासपोर्ट बघतात, आमच्याकडे अकरा महिन्यांचा करार बघतात. एका वर्षी वरच्या आळीने पेइंग गेस्ट उतरवला म्हणून दीड तास सामना थांबला होता. शेवटी ‘ज्याच्याकडे स्वतःची किल्ली तोच भाडेकरू’ असा निवाडा झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.

तर त्या हिवाळ्यातही, आदल्या वर्षीसारख्याच, खालच्या आळीकडून हिराबाय करार दाखवायला मैदानात आल्या. हिराबाय म्हणजे पासष्टीच्या, नऊवारी, नाकात नथ नसली तरी असल्यासारखी मान. तीन मजल्यांच्या घरमालकीण. त्यांच्या एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत नोंदणीकृत करार होता आणि मागे सव्वासहा फूट उंचीचा, चष्मा लावलेला, युगांडाहून फार्मसी शिकायला आलेला मोझेस होता.

“ह्यो माजा भारेकरू,” हिराबाय कमिटीच्या अध्यक्षांना म्हणाल्या. “दोन वर्षं हाय माज्याकरं. किल्ली त्याचीच हाय. आजून काय दाखवू, लाईटबिल?”

दोन वर्षं हिराबायच्या ओट्यावर बसून, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे खात, मोझेस आमची भाषा शिकला होता. आमची म्हणजे पुस्तकातली नव्हे, खाडीकाठची, जिच्यात ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. माझी स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत जाऊन ‘पाणी’ म्हणायला शिकली आणि हा युगांडाचा माणूस टेचात ‘पानी’ म्हणायचा. आम्ही त्याचं फार कौतुक करायचो. माकडचेष्टा बघितल्यासारखं कौतुक नव्हे ना ते, असं आता कधीकधी स्वतःला विचारतो. उत्तर लगेच येत नाही.

पहिल्या चेंडूची गंमत सांगतो. आदल्या हिवाळ्यातली. एवढा उंच, एवढा धिप्पाड, आणि आफ्रिकेतून आलेला म्हटल्यावर मी माईकवरून आधीच जाहीर करून टाकलं : “सावधान! येत आहे युगांडा एक्स्प्रेस! फलंदाजांनी दाताच्या डॉक्टरांचे नंबर जवळ ठेवावेत!” यष्टिरक्षक वीस पावलं मागे गेला. फलंदाजाने डोळे बारीक केले. मोझेस दोन पावलं चालला, चष्मा नीट केला, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला केळं द्यावं इतक्या अलगद हाताने त्याने चेंडू आकाशात सोडला. चेंडू वर गेला, वर राहिला, इकडचं तिकडचं बघितलं, आणि सावकाश खाली उतरून मधल्या स्टंपाला टेकला. फलंदाजाची बॅट तोवर तीनदा फिरून झाली होती. एक्स्प्रेस कसली, बैलगाडी होती! पण काय बैलगाडी! दोन हिवाळ्यांत तिने वरच्या आळीचे भलेभले चिरडले.

त्या चेंडूवर मी स्वतःवर पोट धरून हसलो. पण मोझेसवर कधी हसलो नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आमचे सामने मोबाईलवर थेट दिसतात. लग्नाच्या शूटिंगवाला पंढरी, माझ्याच वयाचा, स्टेजच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून बसतो. बघणारे बघता बघता खाली लिहितात, आणि ते मी मधूनमधून माईकवरून वाचतो. ही आमची रीत आहे. ‘उरणहून लाईव्ह बघत आहेत आपले जावईबापू!’ ‘दुबईहून कळवतात, अंपायर झोपलाय!’ ‘जहाजावरून सलाम!’ नाव भोंग्यातून ऐकू यावं म्हणून लोक लिहितात, आणि लोक लिहितात म्हणून मी वाचतो. एकवीस वर्षांच्या सरावाने झालंय असं की माझे डोळे वाचतात आणि तोंड बोलतं. मधलं जे ऑफिस आहे, जिथे विचार वगैरे होतो, ते रविवारी बंद असतं.

उपांत्य सामना. मोझेसने लागोपाठ दोन गडी बाद केले होते. मैदान नाचत होतं. पंढरीने फोन माझ्यापुढे धरला आणि मी सुरात सुरुवात केली : “करंजाडेहून ‘खाडीचा वाघ’ म्हणतात...”

पुढचं वाक्य इथे लिहीत नाही. एकदा चार भोंग्यांतून बोललो तेवढं पुरे झालं. त्यात एका प्राण्याचं नाव होतं, एका फळाचं होतं, आणि माणसाच्या रंगाचं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं. सुरात. पूर्णविरामासकट.

मैदान गप्प झालं. असं गप्प मैदान मी कधी ऐकलं नव्हतं. भोंग्यातून फक्त माझा श्वास येत होता, आणि तोही मोठा करून. मोझेस गोलंदाजीच्या खुणेवर उभा होता. त्याने स्टेजकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, जर्सीला पुसला, परत लावला. उरलेले चार चेंडू टाकले. खालची आळी जिंकली. जिंकल्यावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडले तेव्हा तो हिराबायच्या घराकडे चालत निघाला होता.

मी घरी आलो. बायकोने ताट वाढलं आणि तिचा फोन माझ्यापुढे पालथा ठेवला. 

आणि मग मोबाईल. सामन्याच्या त्या चित्रफितीखाली तसल्या वाक्यांची रांग लागली. एकाने लिहिलं की दुसऱ्याला जोर येतो. केळ्यांची चित्रं, माकडांची चित्रं. यातल्या निम्म्यांना क्रिकेटही कळत नसावं. चित्रं मात्र बिनचूक सापडतात.

सोमवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर कमिटी बसली. अध्यक्ष म्हणाले, “इग्नोर मारा. कशाला टेन्शन घ्यायचं? दोन दिवसांत विसरतील.”

साळवे मॅडम गुणलेखक. नेरूळला एका कार्यालयात क्लार्क आहेत, मूळच्या परभणीकडच्या, तीस वर्षांपूर्वी आमच्या गावात भाड्याने आल्या आणि आता तीन आळ्या मिळून ज्यांचा शब्द मोडत नाहीत अशा दोनच बायका आहेत, त्यातल्या एक. सामन्यात त्या मान वर करत नाहीत. त्या दिवशी केली.

“कोण विसरेल अध्यक्ष? लिहिणारा विसरेल. ज्याला लिहिलं तो नाही विसरत. माझं वय एकोणपन्नास आहे. आमच्या गावच्या पाणवठ्यावर नऊ वर्षांची असताना ऐकलेलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. तेव्हा तर इंटरनेटपण नव्हतं.”



“कमेंट बंद करून टाकतो मी,” पंढरी हळूच म्हणाला.

“करा बंद. आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा, तक्रार करू. पण ते झालं त्यांचं. आपलं काय?” त्या माझ्याकडे वळल्या. “दिनूभाऊ, शिवी भोंग्यातून गेली ना? मग माफी काय कानात सांगणार?”

तक्रारी केल्या. मॅडमनी एकूण एक वाक्याची केली, सरकारी चिकाटीने. ज्यांच्या ॲपवर सामना दिसतो त्या कंपनीकडून उत्तर आलं की तपासणी केली असता आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. कंपनीला आढळला नाही. हिराबायला आढळला.

“ह्यो वाघ कोन हाय, त्याची आय कोन हाय, येवरा मना सांगा. बाकीचा मी बघतंय,” असं म्हणून त्यांनी पंढरीचा फोन ओढून घेतला. ‘खाडीचा वाघ’च्या पानावर तोंडाच्या जागी वाघाचा फोटो होता. नाव खोटं, वय खोटं. पण वर एक मोठा फोटो होता : नवी मोटारसायकल, आणि तिच्यामागे एका बंगल्याचं फाटक. हिराबायने फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला.

“ही टाईल,” त्या म्हणाल्या, “मी पसंत केलेली हाय.”

 करंजाड्याला हिराबायच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा बंगला. वाघ म्हणजे तिचा मुलगा रोशन. वय एकोणतीस, नोकरीला, गेल्याच महिन्यात मावशीच्या हातचं जेवून गेलेला. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी असले लोक कसे शोधावेत यावर म्हणे डोकेफोड चालते. त्यांनी आमच्या बायकांना फाटकाच्या टाईल दाखवाव्यात.

मंगळवारी सकाळी मी हिराबायच्या गच्चीवर गेलो. मोझेस दोरीवर कपडे वाळत घालत होता. त्यात संघाची जर्सी होती.

“धुऊन ठेवतंय,” तो म्हणाला. “परत देयाची हाय.”

म्हणजे रविवारच्या अंतिम सामन्याला तो नव्हता. मी घरून चार चांगली वाक्यं जुळवून नेली होती. ती बाजूला ठेवली.

“मोझेस, चूक झाली.”

“कोनाची?”

“माझी.”

त्याने जर्सीच्या बाह्या सरळ केल्या. “लिवनाऱ्याला मी वलखत नाय, काका. कोनतरी हाय. पन भोंग्यातना आवाज तुमचा होता. तो मी वलखतंय.” मग चिमटा लावत, “माझी आई लाईव्ह बघते. तिला भाषा नाय समजत. पण तिनं फोन केला, सगले येकदम गप्प का झाले? मी सांगितला, बॉल हरवला.”

मी बादलीतलं पुढचं कापड पिळून त्याच्या हातात दिलं. 

“रविवारी खेळशील का?” शेवटी विचारलं.

“दोन गोष्टी,” तो म्हणाला. “मना हार नको, शाल नको, पाहुना नको बोलू. मी पाहुना नाय, भारेकरू हाय. आनि दुसरी. मी वाईट खेललो तर माझीपन उरवा. सगल्यांची उरवता. त्या छत्रीवाल्याची केवरी उरवलीत! माझी कधीच नाय. बॉलिंगची उरवा, बॅटिंगची उरवा. कातरीची, रंगाची नको. बस.”

“मग येशील?”

“जर्सी सुकू दे,” मोझेस म्हणाला.

जिना उतरताना गुडघ्यांपेक्षा डोकं जड झालं होतं. दोन वर्षं मी याला एक्स्प्रेस म्हटलं, सितारा म्हटलं, परदेशी मित्र म्हटलं, पण कधी ‘अरे टोणग्या’ म्हटलं नाही. मला वाटायचं ही माझी सभ्यता. सभ्यतेनेही माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येतं. फक्त सतरंजी घालून ठेवता येतं.

हे सगळं आता आठवतंय ते समोर रोलर फिरतोय म्हणून. तो मोझेसच ओढतोय, आणखी दोघांबरोबर. शिक्षण संपलं, तळोज्याला औषधाच्या कंपनीत लागला, तरी खोली सोडली नाही. मधे एकदा कंपनीजवळ राहायला जायचं म्हणत होता. हिराबायने करार संपायच्या आत नवा करून घेतला. संघाची गरज म्हणाल्या. आत्ताच मला खालून हाक मारून गेला, “काका, भोंगा फाटलाय तुमचा! का गलाच फाटलाय?” आता तो माझी उडवतो. हक्काने. कानाला गोड लागतं.

तर तो रविवार. जर्सी सुकली होती. मोझेस आला.

नाणेफेकीआधी मी माईक हातात घेतला. त्या सकाळी मोझेसला विचारून ठेवलं होतं, आईचं सांगू का? ‘सांगा’ म्हणाला होता.

“मागच्या रविवारी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, त्यात एकही ताल नव्हता, “या माईकवरून एका खेळाडूच्या रंगावर घाण बोललं गेलं. लिहिणारा दुसरा होता, बोलणारा मी होतो. मोझेस, मी माफी मागतो. आणि तिकडे युगांडात तुझ्या आई बघत असतील, त्यांचीही मागतो. त्या दिवशी बॉल हरवला नव्हता.”

मोझेसने स्वतःच्या फोनवर आईला ते समजावून सांगितलं. तिकडून काय उत्तर आलं ते त्याने मला सांगितलं नाही. पण हसला.

मग हिराबायने वाघाला उभं केलं. रोशनला त्यांनी सकाळीच करंजाड्याहून उचलून आणलं होतं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. साळवे मॅडमची अट एकच : पूर्ण नाव आणि गाव सांगायचं. तो माईकपाशी आला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, म्हणाला, “ते मी लिवलं. सगळे असलंच लिवतात म्हणून... चुकलं. सॉरी, मोझेस.”

मोझेसने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “क्रिकेट येता कं?”

“येतं.”

“म्याच झाल्यावर माझा एक बॉल मारून दाखव.”

मैदानाने शिट्ट्या मारल्या. (सामन्यानंतर रोशनने सहा चेंडू खेळले. एकालाही बॅट लागली नाही. मी त्याचं धावतं वर्णन केलं, त्याला एक शब्दही कमी पडू दिला नाही.)

पंढरीने कमेंट बंद केल्या नव्हत्या. हिराबायने करू दिल्या नाहीत. आमच्याकडे सामन्यात बक्षिसं लावायची पद्धत आहे : पुढच्या षटकाराला अमक्याकडून कोंबडा, तमक्या झेलाला अंड्यांचा ट्रे. हिराबायने जाहीर केलं, “जो घान लिवल, त्याच्या नावानं माज्याकरना खालच्या आलीला येक नारल!” मॅडमनी त्यात दुरुस्ती सुचवली : वाक्य वाचायचं नाही, फक्त नाव. पंढरी प्रत्येक घाणीचा फोटो काढणार, मॅडम नाव लिहिणार, मी पुकारणार.

आणि घाण आलीच. येतेच. तिसऱ्या षटकात पहिलं नाव आलं आणि मी खणखणीत आवाजात ओरडलो, “‘डेंजर बॉय’ यांच्या नावाने, मोझेस आणि मंडळींना, एक नारळ!” मैदानाने टाळ्या वाजवल्या. “‘रॉयल किंग’ यांच्या नावाने, एक नारळ! मंडळी, टाळ्या, राजे आहेत!” गुणलेखकाच्या टेबलाखाली नारळांची रास वाढायला लागली. नवव्या नारळानंतर एकाने खाली चिडून लिहिलं, ‘मी नारळ दिलेला नाही.’ ते मी वाचलं. दोनदा वाचलं. हसून हसून वरच्या आळीचा सलामीचा फलंदाज बॅटीवर रेलून खाली बसला. उरणच्या कोणीतरी लिहिलं, ‘मोझेसभाऊ, चटणीला मिरच्या आमच्याकडून.’ त्यानंतर लसूण आलं, कोथिंबीर आली, दुबईहून मिक्सर आला, अर्थात शब्दांनी. अकरा नारळांवर घाण थांबली. मोझेस सीमारेषेवरून ओरडला, “काका, थांबले कं? आजून येक पायजे, बारा झाले असते!”

असा दिवस होता तो. ऊन लोणकढ्या तुपासारखं. खाडीवरून गार वारा. बायका ओट्यावरून खुर्च्या घेऊन मैदानात उतरलेल्या. माणसांनी गच्च्या भरलेल्या.

एकच गोष्ट जमत नव्हती, आणि ती फक्त मला आणि मोझेसला माहीत होती. मी त्याची उडवत नव्हतो. त्याने एक चेंडू इतका बाहेर टाकला की तो जवळजवळ खाडीत गेला, आणि मी म्हणालो, “छान प्रयत्न!” त्याने फलंदाजी करताना स्वतःच्याच बुटात पाय अडकवला, आणि मी म्हणालो, “दुर्दैव!” साळवे मॅडमनी वहीतून मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायलो. काय करू? जीभ उचलायची आणि टाळूला चिकटायची. एकदा भाजलेलं तोंड होतं. आणि मीच कशाला, सगळं मैदान त्याच्याभोवती चवड्यांवर चालत होतं. चुकला की टाळ्या, हुकला की टाळ्या. एकालाही बोलायचा धीर नव्हता. प्रत्येक टाळीसरशी मोझेसचा चेहरा थोडा थोडा मिटत चालला होता.

शेवटचं षटक. शेवटचा चेंडू. वरच्या आळीला दोन धावा हव्यात, खालच्या आळीचा दहा वर्षांत पहिला करंडक समोर ठेवलेला. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू वरच्या काठाला लागला आणि सरळ आभाळात गेला. खाली मोझेस. एकटा. लहान मुलीच्या ओच्यात पडावा असा सोपा झेल. मोझेस दोन पावलं मागे सरकला, मान वर केली, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, फोटोत काढतात तसा एक हात, एकच हात, ऐटीत वर केला.

चेंडू तळव्याला लागला, उडाला, आणि मातीत पडला. तोवर वरची आळी दोनदा पळून गेली होती.

करंडक गेला.

आणि मैदान गप्प झालं. पुन्हा तसंच. तेच चार भोंगे, तोच माझा मोठा झालेला श्वास. मोझेस आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. मग त्याने मान वळवून स्टेजकडे पाहिलं, माझ्याकडे, माईककडे. वाट बघत. माझे ओठ हलले, पण आवाज निघेना. वरच्या आळीचे खेळाडूही जिंकून उड्या मारायच्या थांबले. कुणीतरी मागून केविलवाणी एक टाळी वाजवली, ‘चालायचंच’ अशी. दुसरी टाळी पडली. मोझेसने नजर खाली केली.

तेवढ्यात प्लास्टिकची खुर्ची मागे उलथून पडल्याचा आवाज झाला. हिराबाय उभ्या राहिल्या होत्या. त्यांना माईक लागला नाही, कधीच लागत नाही. पदर कमरेला खोचून, नारळांच्या राशीवरून हात लांब करून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या :

“मेल्या, माज्या घरी चिंबोऱ्या दोनी हातांनी फोरून खातस, न कॅच येका हातानं घेतस कं रं?”